लिओपोल्ड कॅफे

लिओपोल्ड कॅफे हे मुंबईच्या कुलाबा भागात शहीद भगतसिंग मार्गावर असलेले एक जुने उपाहारगृह व बार आहे. इ.स. १८७१ मध्ये इराणी झरथुष्ट्री मंडळींनी ते स्थापन केले. मुंबईत आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या उपाहारगृहांमध्ये त्याची गणना होते. ताजमहाल हॉटेल (१९०३), गेटवे ऑफ इंडिया (१९२४) आणि रीगल चित्रपटगृह (१९३३) या परिसरातील तिन्ही प्रसिद्ध वास्तूंपेक्षा लिओपोल्ड वयाने मोठे आहे.

या उपाहारगृहाचे नाव मुंबईबाहेर पोहोचले ते प्रामुख्याने दोन कारणांनी. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांच्या 'शांताराम' (२००३) या इंग्रजी कादंबरीत ते एक महत्त्वाचे स्थळ आहे. तसेच २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ज्या ठिकाणी प्रथम गोळीबार झाला, त्यांपैकी हे एक आहे. मात्र कादंबरीने ही जागा का निवडली आणि हल्लेखोरांनी का निवडली, या दोन्हींचे उत्तर तिच्या जुन्या स्वरूपात सापडते. रस्त्याकडे पूर्ण उघडे असलेले आणि येणाऱ्या कोणालाही बसू देणारे हे इराण्याचे हॉटेल आहे.

नाव व स्थापना

बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या नावावरून उपाहारगृहाला हे नाव मिळाले. स्थापनेच्या काळात बेल्जियमच्या गादीवर दुसरा लिओपोल्ड (कारकीर्द १८६५–१९०९) होता. आफ्रिकेतील काँगो प्रदेशात त्याच्या सत्तेखाली झालेल्या अत्याचारांमुळे पुढे हा राजा जगभर कुप्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच ठेवले गेलेले हे नाव मुंबईतल्या पाटीवर तसेच राहिले. राजघराण्यांची व युरोपीय शहरांची नावे दुकानांना देण्याची पद्धत त्या काळच्या मुंबईत रूढ होती.

सुरुवातीला येथे खाद्यतेलाचा घाऊक व्यापार चालत असे. नंतरच्या काळात उपाहारगृह, किराणा व किरकोळ वस्तूंचे दुकान आणि औषधांचे दुकान अशी निरनिराळी रूपे या जागेने पाहिली. 'लिओपोल्ड कॅफे अँड स्टोअर्स' या जुन्या नावात त्या दुकानदारीची खूण उरली आहे. चहा-पावाबरोबर साबण, बिस्किटे, आगपेट्या आणि घरगुती गरजेच्या चीजवस्तू एकाच छताखाली विकणे ही मुंबईतील अनेक इराणी हॉटेलांची रीत होती.

परिसराचा इतिहास

मुंबई ज्या सात बेटांची मिळून बनली, त्यांत कुलाबा व धाकटा कुलाबा ही दक्षिण टोकाची दोन बेटे होती. भरतीच्या वेळी मुख्य बेटाशी त्यांचा संबंध तुटत असे. १८३८ मध्ये समुद्रावर भराव घालून रस्ता बांधण्यात आला आणि ही बेटे मुंबईला जोडली गेली. हाच 'कुलाबा कॉजवे' होय. स्वातंत्र्यानंतर या रस्त्याला शहीद भगतसिंग मार्ग असे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात कॉजवे हाच शब्द टिकून आहे.

रस्ता झाल्यावर कुलाब्यात कापसाचा बाजार वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोपचा सागरी प्रवास कमी दिवसांचा झाला आणि मुंबई बंदरातील वर्दळ वाढली. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक कुलाबा ते पायधुणी असा होता. १८७५ मध्ये जवळच ससून गोदी बांधून झाली. खलाशी, व्यापारी, छावणीतील शिपाई, गोदी कामगार आणि परदेशी प्रवासी अशी मिश्र वस्ती असलेल्या या रस्त्यावर खाण्यापिण्याच्या जागेला गिऱ्हाइकाची वाण पडण्याचे कारण नव्हते. लिओपोल्डची स्थापना याच वर्षांतली आहे.

कुलाबा पोलीस ठाणे उपाहारगृहाच्या अगदी जवळ आहे. मागच्या बाजूच्या गल्ल्यांतून ताजमहाल हॉटेल व गेटवे ऑफ इंडिया येथे पायी काही मिनिटांत जाता येते.

इराणी उपाहारगृहांची परंपरा

मुंबईत 'इराणी' हा शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरला जातो. इस्लामी आक्रमणानंतर अनेक शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेले झरथुष्ट्री ते पारशी. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात इराणच्या यझ्द व केरमान या भागांतून आलेले ते इराणी. धर्म एक असला तरी बोली, चालीरीती आणि आर्थिक स्थिती यांत सुरुवातीला मोठा फरक होता.

इराणमध्ये झरथुष्ट्री लोकांना जिझिया कर व अनेक सामाजिक निर्बंध सोसावे लागत. मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून तेथे पाठविले. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये हा कर रद्द झाला. दरम्यान १८७०–७१ च्या सुमारास इराणमध्ये भीषण दुष्काळ पडला. छळ आणि उपासमार यांना कंटाळून अनेक कुटुंबे मुंबईकडे निघाली. शिक्षण व भांडवल हाताशी नसल्यामुळे यांतील अनेकांनी चहा विकण्यापासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःची हॉटेले काढली.

ही हॉटेले बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असत. दोन रस्त्यांना लागून असलेली कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळे, असे सांगितले जाते. कोपऱ्याच्या जागेचा लाभ असा की दोन्ही बाजूंनी दारे उघडता येत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर आत पडे. संगमरवरी पृष्ठाची टेबले, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, दारापाशी गल्ल्यावर बसलेला मालक, बन मस्का, ब्रून मस्का आणि दाट दुधाचा चहा ही या हॉटेलांची ठरलेली ओळख आहे. क्यानी आणि कंपनी (१९०४), ब्रिटानिया आणि कंपनी (१९२३) व कॅफे मोंडेगार (१९३२) ही दक्षिण मुंबईतील अशी प्रसिद्ध उपाहारगृहे होत. लिओपोल्डची स्थापना या तिन्हींच्या आधीची आहे.

सामाजिक दृष्टीने या हॉटेलांचे महत्त्व मोठे आहे. ज्या काळात खाणावळी व फराळाची दुकाने जातिधर्मानुसार वेगळी असत, त्या काळात इराण्याच्या हॉटेलात गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, टॅक्सीचालक आणि वकील शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. एका चहावर बराच वेळ बसण्याची मुभा असल्याने गप्पा, वादविवाद, पत्रलेखन आणि नोकरीचे अर्ज लिहिणे हे सारे तेथेच चाले. काही हॉटेलांत गिऱ्हाइकांसाठी सूचनांच्या लांबलचक पाट्या असत. कवी निसिम इझिकेल यांनी धोबी तलावाच्या बस्तानी आणि कंपनीतील अशाच सूचनांवरून एक इंग्रजी कविता रचली. बस्तानी हे हॉटेल पुढे बंद पडले. वाढती भाडी, वाटण्या, पुढच्या पिढीने निवडलेले अन्य व्यवसाय आणि जागांना आलेला भाव यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील बहुसंख्य इराणी हॉटेले बंद झाली. जी राहिली त्यांपैकी काहींनी बिअर विकण्याचा परवाना घेऊन आपला व्यवसाय टिकवला. लिओपोल्ड आणि मोंडेगार ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

दारूबंदी व परमिट रूम

चहाच्या हॉटेलाचा बार होणे ही मुंबईत साधी गोष्ट नव्हती, कारण शहराच्या इतिहासात दारूबंदीचा मोठा कालखंड आहे. बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जाहीर केली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो प्रयोग पुढे फारसा गेला नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याची काही कलमे अवैध ठरवली, परंतु त्याचा मुख्य भाग कायम ठेवला. भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासात हा निकाल आजही महत्त्वाचा मानला जातो.

बंदीच्या काळात परदेशी नागरिकांना तसेच वैद्यकीय दाखला असणाऱ्यांना परवाना मिळत असे. परवान्याला 'परमिट' म्हटले जाई आणि परवानाधारकांना जेथे बसून मद्य घेता येई, ती 'परमिट रूम'. दुसरीकडे, गल्लीबोळांत चोरून चालणारे गुत्ते वाढले. साठच्या दशकापासून महाराष्ट्रात निर्बंध हळूहळू सैल होत गेले. तथापि मूळ कायदा रद्द झालेला नाही. मद्य बाळगण्यास व पिण्यास आजही कायद्याने परवाना लागतो आणि बारच्या पाटीवर 'परमिट रूम' हे शब्द कायम आहेत.

या इतिहासाचा ठसा बारच्या रचनेवर पडला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत रेल्वे स्थानकांच्या आसपास असलेल्या परमिट रूमच्या काचा सामान्यतः काळ्या असतात, आत मंद दिवे असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले काही दिसत नाही. त्यांपैकी अनेकांचे चालक किनारी कर्नाटकातून आलेले शेट्टी समाजाचे आहेत. मद्यपान हे लपून करण्याचे काम, ही दारूबंदीच्या काळातील समजूत त्या रचनेत उतरली आहे. लिओपोल्डमध्ये चित्र उलट दिसते. येथे चहाच्या हॉटेलाची उघडी बैठक आधी होती आणि बार नंतर आला. त्यामुळे बिअरचा पेला समोर घेऊन बसलेला माणूस पदपथावरून स्पष्ट दिसतो आणि त्यालाही रस्ता दिसतो. त्याच दालनात दुसऱ्या टेबलावर एखादे कुटुंब जेवत असते.

अंतर्रचना व वातावरण

तळमजल्यावर उंच छताचे एकच मोठे दालन आहे. त्याची दारे कॉजवेच्या पदपथाकडे उघडतात. छताला पंखे, मध्ये खांब, भिंतींवर जुन्या धर्तीची भित्तिचित्रे व जाहिरातफलक आणि एकमेकांना खेटून मांडलेली टेबले अशी मांडणी आहे. टेबलांतील अंतर इतके कमी आहे की शेजारच्यांचे बोलणे सहज कानी पडते. वरच्या मजल्यावर वातानुकूलित बार आहे.

उपाहारगृह सकाळी न्याहारीच्या वेळेपासून मध्यरात्रीपर्यंत चालू असते. अंडी-पाव, भारतीय व चिनी पदार्थ, पाश्चात्त्य धर्तीचे खाद्यपदार्थ, फळांचे रस आणि बिअर असा येथील खाद्यपेयांचा विस्तार आहे. नळ बसवलेल्या उंच नळकांड्यातून टेबलावर दिली जाणारी बिअर ही तरुण गिऱ्हाइकांची आवडती गोष्ट आहे. इराणी हॉटेलाच्या नेहमीच्या दरांच्या तुलनेत येथील दर चढे आहेत.

दिवसाच्या वेळेनुसार गिऱ्हाईक बदलते. सकाळी पाठीवर बोजा घेतलेले प्रवासी न्याहारीला असतात. दुपारी कॉजवेवरील खरेदी आटोपून आलेली मंडळी आणि जवळच्या कार्यालयांतील कर्मचारी येतात. संध्याकाळनंतर टेबल मिळण्यासाठी दाराशी थांबावे लागते. उपनगरांतून चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने येऊन पुढे बस वा टॅक्सीने कुलाब्याला पोहोचणारे तरुण-तरुणी सुट्टीच्या दिवशी मोठ्या संख्येने दिसतात. उपनगरातल्या माणसाच्या बोलण्यात 'मुंबईला जाणे' म्हणजे दक्षिण मुंबईत जाणे. गेटवे, कॉजवेवरची खरेदी आणि लिओपोल्ड हा त्या सहलीचा अनेकांनी पाळलेला क्रम आहे.

याच रस्त्यावर रीगल चित्रपटगृहाच्या बाजूला असलेले कॅफे मोंडेगार हे लिओपोल्डचे समव्यवसायी आहे. तेथील भिंती व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या मुंबई व गोव्याच्या जीवनावरील चित्रांनी रंगलेल्या आहेत.

परदेशी प्रवाशांचा अड्डा

साठ व सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तानमार्गे भारतात येणाऱ्या हिप्पी प्रवाशांची एक लाट आली. गोव्याला जाणारे यांतील अनेकजण वाटेत मुंबईत थांबत. ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्ल्यांत स्वस्त निवासगृहे असल्यामुळे कुलाबा ही त्यांच्या मुक्कामाची जागा झाली आणि लिओपोल्ड त्यांच्या भेटीगाठीची. मोबाइल व इंटरनेट येण्यापूर्वी प्रवाशाला सोबती, राहण्याची जागा किंवा पुढच्या प्रवासाची माहिती अशा अड्ड्यांवरच मिळत असे. पुढे प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकांतून या उपाहारगृहाचे नाव येऊ लागले.

साहित्य व चित्रपट

'शांताराम' या कादंबरीचा नायक ऑस्ट्रेलियातील तुरुंगातून पळून बनावट पारपत्रावर मुंबईत येतो. लेखक रॉबर्ट्स हे स्वतः १९८० मध्ये मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून निसटले होते आणि नंतर त्यांनी मुंबईत बराच काळ काढला होता. कादंबरीत लिओपोल्ड हे परदेशी भटके, दलाल व गुन्हेगारी जगातील माणसे यांचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. नायक आपला मुंबईकर मित्र प्रभाकर याच्या महाराष्ट्रातील खेड्यात जाऊन राहतो, मराठी शिकतो आणि 'शांताराम' हे नाव त्याला त्या खेड्यातील लोकांकडून मिळते. कादंबरीचा मराठी अनुवाद अपर्णा वेलणकर यांनी केला आहे. २०२२ मध्ये तिच्यावर आधारित दूरचित्रमालिका प्रदर्शित झाली. कादंबरी वाचून लिओपोल्ड पाहण्यास येणारे परदेशी वाचक हा येथील गिऱ्हाइकांचा एक स्वतंत्र वर्गच बनला.

२००८ च्या हल्ल्यातील प्रसंगांचे चित्रण 'द अटॅक्स ऑफ २६/११' (२०१३) या राम गोपाल वर्मा दिग्दर्शित हिंदी चित्रपटात आणि 'हॉटेल मुंबई' (२०१८) या इंग्रजी चित्रपटात आले आहे. दोन्हींमध्ये लिओपोल्डवरील हल्ल्याचा प्रसंग आहे.

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला

लष्कर-ए-तैयबा या पाकिस्तानातील संघटनेचे दहा दहशतवादी २६ नोव्हेंबर २००८ च्या संध्याकाळी समुद्रमार्गे कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि दोघादोघांच्या गटाने शहरात पसरले. त्यांपैकी दोघे रात्री साडेनऊच्या सुमारास लिओपोल्ड कॅफेपाशी आले. त्या वेळी उपाहारगृह गिऱ्हाइकांनी भरलेले होते. त्यांनी आत हातबॉम्ब फेकला आणि स्वयंचलित बंदुकांतून गोळ्या झाडल्या. आतली माणसे टेबलांखाली, खांबांआड आणि स्वयंपाकघराकडे धावली. काही मिनिटांच्या या गोळीबारात किमान दहा जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. मृतांमध्ये परदेशी पर्यटक होते, तसेच गिऱ्हाइकांना वाढणारे कॅफेचे कर्मचारीही होते.

त्यानंतर हल्लेखोर मागच्या गल्लीतून ताजमहाल हॉटेलकडे गेले व तेथे आधी शिरलेल्या साथीदारांना मिळाले. साधारण त्याच वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनस, ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेल आणि नरिमन हाऊस येथेही हल्ले झाले. उपनगरात विलेपार्ले येथे एका टॅक्सीत बॉम्बस्फोट झाला. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधील कारवाई संपली. सर्व ठिकाणी मिळून १६६ निरपराध व्यक्ती व सुरक्षा कर्मचारी यांचा बळी गेला. जिवंत पकडलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

पुन्हा सुरुवात व हल्ल्याच्या खुणा

हल्ल्यानंतर चारच दिवसांनी लिओपोल्डचे दार पुन्हा उघडण्यात आले. पत्रकार, पर्यटक आणि मुंबईकर यांची तेथे गर्दी लोटली. हल्ल्यातील इतर स्थळांपैकी ताजचा व ट्रायडंटचा काही भाग २१ डिसेंबर २००८ रोजी सुरू झाला. नरिमन हाऊस पुन्हा उघडण्यास मात्र २०१४ उजाडले.

भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा व्यवस्थापनाने बुजवल्या नाहीत. त्या आजही पाहता येतात. ताजमहाल हॉटेलने आपल्या वास्तूची काळजीपूर्वक डागडुजी करून मृतांच्या नावांचे स्मारक आत उभारले. लिओपोल्डने वेगळे स्मारक न उभारता जागा जशी होती तशी ठेवली. येथे आठवणीची जागा आणि जेवणाचे टेबल यांत अंतर नाही. गोळीने पडलेल्या खड्ड्याखालीच कोणी जेवत असतो.

या खुणांकडे पाहण्याची दृष्टी एकच नाही. दुरुस्ती न करणे हे घडलेले न विसरण्याचे व न घाबरण्याचे चिन्ह आहे, असे एक मत आहे. दुसऱ्या बाजूने, या खुणांपुढे उभे राहून छायाचित्रे काढली जातात आणि गल्ल्यापाशी कॅफेच्या नावाचे कप व टी-शर्ट विकले जातात, त्यामुळे दुःखाच्या जागेचे प्रेक्षणीय स्थळ होते, असाही आक्षेप घेता येतो. उपाहारगृह हे संग्रहालय नसून चालता व्यवसाय आहे. त्यावर कर्मचाऱ्यांची कुटुंबे अवलंबून आहेत. या दोन बाजूंचा विचार केल्याशिवाय येथील परिस्थिती नीट समजत नाही.

सद्यस्थिती

लिओपोल्ड कॅफे चालू असून त्याची मालकी इराणी कुटुंबाकडे आहे. हल्ल्यानंतर दारापाशी सुरक्षारक्षक आले. शहरातील मोठ्या हॉटेलांनी मात्र उंच अडथळे, वाहनांची तपासणी आणि सामान तपासणारी यंत्रे बसवली, आणि गेटवेच्या परिसरातील मोकळा वावरही मर्यादित झाला. लिओपोल्डची दारे पूर्वीप्रमाणे पदपथाकडेच उघडतात. ती बंद करून काळ्या काचा लावणे सुरक्षिततेच्या दृष्टीने सोपे होते. तसे केले असते तर एक बार शिल्लक राहिला असता, परंतु १८७१ पासून चालत आलेले इराण्याचे हॉटेल उरले नसते.